दुखलं का, हे कोणी विचारायचं?

तांबी बसवणे, क्युरेटिंग करणे, पिशवीच्या तोंडाचा तुकडा तपासणीसाठी काढणे, मूल होत नाही म्हणून नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहणे, कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन करणे: ही सगळी कामे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी रोज होतात. कधी सरकारी ग्रामीण रुग्णालयात, कधी बाजारपेठेतल्या दोन मजली खासगी दवाखान्यात. बहुतेकांना पाच ते पंधरा मिनिटे लागतात. डॉक्टर त्यांना ‘मायनर’ म्हणतात आणि घरची माणसे ‘पिशवी साफ केली’ एवढ्यावर विषय संपवतात. टेबलावरच्या बाईच्या वाट्याला या मिनिटांत काय येते, याची नोंद मात्र सहसा कुठेच होत नाही. या विषयातला भेद एका वाक्यात सांगता येतो. भूल दिल्याशिवाय जे करताच येत नाही, तिथे भूल मिळते. भुलीविना उरकता येते, तिथे ती मिळेलच असे नाही. सिझर भुलीशिवाय होत नाही, म्हणून भूलतज्ज्ञ शेजारच्या तालुक्यातून का होईना, आणावा लागतो. क्युरेटिंग मात्र बाईने कळ काढली तर होऊन जाते. म्हणून तिने कळ काढावी, असे गृहीत धरले जाते.

याचे नेहमीचे स्पष्टीकरण म्हणजे भूलतज्ज्ञांचा तुटवडा, आणि तो खोटा नाही. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा असा हा जिल्हा आहे: १७ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसारा, १४ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांवर लोकसंख्या. शिकवणारी मोठी रुग्णालये आहेत, पण ती लोणीला आणि नगरजवळ विळद घाटात. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यातून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून लांब पडते. जामखेड, पाथर्डी, कर्जतची परिस्थिती फार वेगळी नाही. देशभर हीच अडचण असल्याने केंद्र सरकारने एमबीबीएस डॉक्टरांसाठी तातडीच्या प्रसूतीपुरती भूल देण्याचे खास प्रशिक्षण सुरू केले. सुरुवातीला ते १८ आठवड्यांचे होते. म्हणजे सिझरसाठी तुटवड्यावर काही उपाय तरी शोधला गेला. आता प्रश्न असा की वर सांगितलेल्या छोट्या प्रक्रियांना मुळात भूलतज्ज्ञ लागतो का? तांबी, क्युरेटिंग, तुकडा काढणे यांत बहुतांश वेळा लागत नाही. जिथे तज्ज्ञाची गरजच नाही, तिथे तज्ज्ञ नाही म्हणून वेदनाशमन नाही, हे कारण टिकत नाही.

का लागत नाही, हे कळायला वेदना कोणत्या वाटेने जाते ते पाहावे लागते. गर्भपिशवीचे तोंड आणि योनीचा वरचा भाग यांच्या संवेदना माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या मज्जातंतूंनी जातात. पिशवीच्या वरच्या भागाच्या संवेदना त्याहून बऱ्याच वर, छाती आणि कंबर यांच्या सांध्यापाशी, मज्जारज्जूत शिरतात. एकाच अवयवाच्या दोन वाटा आहेत. म्हणून दुखणेही दोन तऱ्हेचे असते. तोंड चिमट्याने धरताना आणि सळ्या घालून रुंद करताना येणारी कळ तीक्ष्ण असते. आतून खरवडताना किंवा ओढून घेताना पिशवी आवळते, तेव्हा पाळीच्या वेळेसारखा पण कितीतरी जोराचा गोळा येतो. पिशवीच्या तोंडाभोवती लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची इंजेक्शने दिली की पहिली वाट बरीचशी बंद होते, दुसरी पूर्ण होत नाही. दुसरीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी तासभर आधी द्यावी लागते, कारण पिशवी आवळायला लावणारी रसायने तयार होण्यावर ती लगाम घालते. ‘पिशवीच्या तोंडाला संवेदनाच नसते’ हे वाक्य डॉक्टरांच्या पिढ्यांनी ऐकले आणि पुढच्यांना ऐकवले. त्याचा एक उगम आल्फ्रेड किन्से यांच्या १९५३ च्या अमेरिकी अहवालापर्यंत नेला जातो. त्या अहवालासाठी केलेल्या चाचणीत पिशवीच्या तोंडाला हलका स्पर्श केलेला बहुतेक स्त्रियांना कळला नव्हता. हलका स्पर्श न कळणे आणि दातेरी चिमट्याची पकड न कळणे, यांत अंतर आहे. ते अंतर विसरले गेले आणि त्याचा भार टेबलावर झोपलेल्या बायकांवर पडला.

लिग्नोकेनचा उपयोग होतो का, हे मोजूनही झाले आहे. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पहिल्या तिमाहीतल्या गर्भपातासाठी आलेल्या स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला पिशवीच्या तोंडाभोवती लिग्नोकेन दिले, दुसऱ्याला इंजेक्शन दिल्याचा केवळ आभास केला. वेदना ० ते १०० अशा पट्टीवर त्यांनी स्वतःच सांगायची होती. तोंड रुंद करताना लिग्नोकेनच्या गटाची सरासरी ४२ आली, दुसऱ्याची ७९. आतले ओढून घेताना ६३ आणि ८९. या आकड्यांत दोन गोष्टी एकदम दिसतात. फरक मोठा आहे. पण ६३ म्हणजे आराम नव्हे. दुसरी वाट उघडीच राहते, ती ही. शिवाय सुया टोचतानाची वेदना लिग्नोकेनच्या गटात जास्त होती, हेही त्याच चाचणीत नोंदले आहे. २०१८ च्या दुसऱ्या चाचणीत, मूल न झालेल्या स्त्रियांना तांबीसारखे साधन बसवताना, लिग्नोकेन घेतलेल्यांची वेदना ३३ तर न घेतलेल्यांची ५४ निघाली. उलट तांबी बसवण्याआधी नुसती आयबुप्रोफेनची गोळी दिल्याने बसवतानाच्या कळेत फारसा फरक पडत नाही. नंतर येणाऱ्या गोळ्याला ती कामी येते. म्हणजे ‘गोळी दिली होती की’ हे समर्थन तांबीपुरते तरी पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची मार्गदर्शिका सांगते की गर्भपातासाठी आलेल्या प्रत्येक स्त्रीला वेदनाशामक देऊ करणे हा नेहमीचा भाग असावा आणि १४ आठवड्यांच्या आत पूर्ण भूल सरसकट देऊ नये. आपल्या केंद्र सरकारच्या सुरक्षित गर्भपाताच्या प्रशिक्षण पुस्तिकेतही तोंडाभोवतीचे हे इंजेक्शन शिकवलेले आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने तांबीच्या वेदनेबद्दल बाईशी आधी बोलावे आणि लिग्नोकेनचा विचार करावा, असे ठळकपणे म्हटले ते २०२४ मध्ये. तिकडेही हे शहाणपण उशिराच आले.

औषध महाग आहे का? लिग्नोकेन १९४८ पासून बाजारात आहे, राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्याच्या किमतीवर नियंत्रण आहे आणि त्याची बाटली शंभर रुपयांच्या आत मिळते. मॉर्फिनसारख्या औषधांना अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याने जी परवान्यांची कटकट लावली आणि २०१४ च्या दुरुस्तीने जी थोडी सैल केली, तिचा इथे संबंध येत नाही. श्रीरामपूरच्या किंवा शेवगावच्या कोणत्याही दातांच्या दवाखान्यात याच औषधाचे इंजेक्शन दिल्याशिवाय दाढ काढत नाहीत. काढायला गेले तर पेशंट खुर्चीतून उठून जाईल. फरक औषधात नाही, उठून जाता येण्यात आहे.

कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचे प्रकरण थोडे निराळे, आणि संख्येने सर्वांत मोठे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के स्त्रियांनी हे ऑपरेशन करून घेतल्याचे दिसले. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही आत होते. (पुरुषांचे ऑपरेशन सोपे, कमी जोखमीचे आणि तेही स्थानिक भुलीत होणारे आहे, हे जाता जाता सांगायला हवे.) सरकारी मानकांनुसार स्त्रीच्या या ऑपरेशनला स्थानिक भूल आणि सोबत गुंगीचे, वेदनेचे इंजेक्शन हीच पसंतीची पद्धत आहे. त्यामागचे कारण पक्के आहे. अमेरिकेत १९७७ ते १९८१ या काळातल्या नसबंदीनंतरच्या २९ मृत्यूंचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांतले ११ पूर्ण भुलीच्या गुंतागुंतीने झालेले निघाले. तेव्हा स्थानिक भुलीचा आग्रह चुकीचा नाही. चूक पुढे होते. कातडीत दिलेल्या लिग्नोकेनने कातडी बधिर होते, नळी होत नाही. नळी ओढून तिच्यावर रिंग चढवली की पोटात खोलवर ओढ बसते, मळमळते, घाम फुटतो. यावरही उपाय आहे: नळीवरच लिग्नोकेनचे थेंब सोडले तर ही ओढ कमी होते, असे अभ्यासांत दिसले आहे. शिवाय दंडात किंवा कुल्ल्यात दिलेले इंजेक्शन भिनायला अर्धा तास लागतो. पन्नास बायका रांगेत असल्या की तो अर्धा तास सर्वांत आधी गळतो.

ती घाई कुठवर जाते ते देशाने पाहिले आहे. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांची ऑपरेशने उरकली गेली आणि त्यांतल्या १३ जणी दगावल्या. त्याआधी जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत ५३ जणींची ऑपरेशने रात्री झाली होती. त्यावरच्या देविका बिस्वास यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १४ सप्टेंबर २०१६ रोजी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याच्या दिशेने पावले टाकायला सांगितले. त्या चर्चेत मृत्यू आले, जंतुसंसर्ग आला, औषधांचा दर्जा आला. वेदना जवळपास आलीच नाही. जगली ना, मग झाले, अशी आपली मोजपट्टी असते, आणि ज्या व्यवस्थेत मृत्यू होतात तिथे ती समजण्यासारखीही आहे. पण घाईचा पहिला बळी मृत्यू नसतो. वेळ कमी पडला की आधी भूल भिनण्याची वाट पाहणे सुटते, मग हातमोजे बदलणे सुटते. ज्या ठिकाणी बाईच्या ओरडण्याने काम थांबते, तिथे बाकीच्या गोष्टीही सावकाश होत असतात. वेदनेकडे लक्ष देणे ही चैन नाही. ती कामाचा वेग तपासण्याची सर्वांत स्वस्त खूण आहे.

मग हे होत का नाही? डॉक्टर निर्दय असतात म्हणून, असे मला वाटत नाही. ‘झालं ताई, झालंच बघा, पोट ढिलं सोडा’ हे सांगणारा आवाज बहुधा मनापासूनचा असतो. अडचण अशी की उभ्या माणसाला झोपलेल्याची वेदना कमी दिसते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तांबी बसवताना बायकांनी सांगितलेली कमाल वेदना १०० पैकी ६५ च्या आसपास होती आणि बसवणाऱ्यांचा अंदाज ३५ च्या आसपास. हे अशा देशात, जिथे पेशंट तक्रार करायला कचरत नाही. आपल्याकडे ही दरी रुंदच असणार. बाळंतपण सोसले, त्यापुढे हे काय, असे बाईला सांगितले जाते आणि तीही स्वतःला तेच सांगते. सासू बाहेर बाकावर बसलेली असते. गर्भपातासाठी आलेली असेल तर आवाज दाराबाहेर जाऊ नये, ही तिची पहिली काळजी असते. आणि कधी कधी टेबलाभोवतीच्या कुणाच्या तरी मनात, बोलून न दाखवलेला, ‘भोग आता’ हा भावही असतो. स्त्रीरोगशास्त्राच्या इतिहासातच एक डाग आहे. आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे पुतळे उभारले गेले त्या मॅरियन सिम्सने १८४० च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामात अनार्का, बेट्सी, लुसी या गुलाम स्त्रियांवर भुलीशिवाय पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. त्यांचे न उठणे हीच संमती मानली गेली. आपल्या टेबलांशी त्याची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. तरीही न ओरडणे म्हणजे न दुखणे, हे समीकरण इथेही दिसते.

या जिल्ह्याकडे याचे उत्तर आहे, आणि ते पन्नास वर्षांपूर्वीच सापडलेले आहे. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करून, अमेरिकेत शिकून परतलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. डॉक्टर आणि परिचारिका खेड्यात राहायला येत नाहीत, हे सत्य त्यांनी कुरकुर न करता स्वीकारले आणि गावातल्याच, बहुधा निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. गावात कोणती बाई गरोदर आहे, कोणते मूल वाळत चालले आहे, कुणाला कोड नसून कुष्ठरोगाचा चट्टा आहे, हे त्यांना ठाऊक असे. १९७१ मध्ये त्या गावांत हजारी १७६ असलेला बालमृत्युदर नव्वदच्या दशकात तिशीच्या आत आला. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार या कामाला मिळाला. जामखेडने वेदनाशमनाचा प्रयोग केला, असा माझा दावा नाही. मला त्यातला युक्तिवाद हवा आहे. आरोळे दाम्पत्याने तज्ज्ञाच्या अभावाचे दोन भाग केले: ज्यासाठी तज्ज्ञ खरेच लागतो ते, आणि तज्ज्ञाने उगाच स्वतःकडे ठेवलेले ते. दुसरा भाग त्यांनी वाटून टाकला. आणि जे काम कुणाचेच नव्हते ते एका ठरावीक, नाव असलेल्या बाईचे केले. विचारणे हे कुणाचे तरी काम झाले, तेव्हा आकडे हलले.

छोट्या प्रक्रियांतल्या वेदनेला हे तंतोतंत लागू पडते. तोंडाभोवतीचे इंजेक्शन वैद्यकीय अधिकारी शिकू शकतो. गोळी तासभर आधी देणे परिचारिकेचे काम आहे. आणि उशाशी उभे राहून, चेहऱ्याकडे पाहत, ‘शून्य ते दहात किती दुखतंय? थांबू का?’ असे विचारणे आशाताईला करता येते, जी बाईला घेऊन एरवीही आलेलीच असते. प्रसूतीच्या खोलीत सोबतीण असू द्यावी, असे केंद्राने २०१६ मध्येच मान्य केले. क्युरेटिंगच्या खोलीत ती का नको, याचे वैद्यकीय कारण मला सापडत नाही. केसपेपरवर नाडी आणि रक्तदाबाशेजारी वेदनेचा एक आकडा लिहिला, तर महिन्याअखेर ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकाला कळेल की आपल्याकडे तांबीची सरासरी चार आहे की आठ.

यावर घेतले जाणारे आक्षेप पोकळ नाहीत. पहिला धोक्याचा. लिग्नोकेन जास्त झाले किंवा थेट रक्तवाहिनीत गेले तर झटके येतात, हृदय थांबू शकते. सामान्यतः दर किलो वजनाला साडेचार मिलिग्रॅम ही मर्यादा धरतात. अमेरिकी चाचण्यांत एक टक्क्याचे २० मिलिलिटर वापरले, म्हणजे २०० मिलिग्रॅम. ४५ किलोच्या बाईला ती मर्यादाच झाली, आणि ऊस तोडणाऱ्या चाळीस किलोच्या बाईला ती ओलांडली गेली. परदेशी पुस्तकातली मात्रा तशीच उचलायची नाही, आधी वजन करायचे, सुई टोचल्यावर रक्त येते का ते ओढून पाहायचे, एवढे त्यातून निघते. न देण्याचे कारण त्यातून निघत नाही. दुसरा आक्षेप अमेरिकेच्या अनुभवाचा. तिथे नव्वदच्या दशकात वेदनेला नाडी-रक्तदाबाच्या पंक्तीला बसवले आणि आकडा खाली आणण्याच्या भरात अफूजन्य गोळ्यांचा सुळसुळाट झाला. हा इशारा गंभीरपणे घ्यायला हवा. पण तिथे महिनोन्महिने चालणाऱ्या दुखण्यासाठी घरी न्यायच्या गोळ्या होत्या. इथे दहा मिनिटांच्या कामासाठी जागेवर दिलेले, व्यसन न लावणारे औषध आहे. तिसरा आक्षेप वेळेचा, आणि खरा अडथळा तोच आहे. बाह्यरुग्ण विभागात शंभर केसपेपर साचलेले असताना एका बाईमागे जादा दहा मिनिटे कुठून आणायची? प्रामाणिक उत्तर असे की काही वेळा कामाची संख्या कमी करावी लागेल. शिबिराचे उद्दिष्ट बायकांच्या कळेतून भरून काढायचे नसेल, तर ते कमीच ठेवावे लागेल.

राहता राहिला सर्वांत चिवट आक्षेप: बायका मागतच नाहीत. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, म्हणजे सहांपैकी एक. त्यामागे मुकादमाची उचल होती, खाड्याचा दंड होता, कर्करोगाची दाखवलेली भीती होती. पण पोटदुखी आणि अंगावरून जाणे यांनी हैराण होऊन दवाखान्याची पायरी चढणे हेही होते. पाथर्डी आणि जामखेडमधून हंगामाला जाणाऱ्या बायकांचे आयुष्य याहून वेगळे नाही. या बायका वेदनेला सरावलेल्या आणि म्हणून उदासीन आहेत, असे म्हणणाऱ्याने हा आकडा पुन्हा वाचावा. दुखणे थांबावे म्हणून त्यांनी अख्खा अवयव दिला. त्यांची मागणी होती. ती गोळी, सल्ला आणि थोडा वेळ या स्वरूपात पुरी करायला कुणी बसलेले नव्हते.

मागणी नोंदवायला आज एक कायदेशीर जागाही आहे. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचे नियम सुधारले, तेव्हा रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. उपचाराची माहिती, पर्याय आणि संमती हे हक्क तिच्यात येतात. वेदना कमी करण्याचा पर्याय हा त्याच माहितीचा भाग ठरतो. म्हणून संगमनेर असो वा श्रीगोंदा, तांबीची किंवा क्युरेटिंगची तारीख घेतानाच तीन गोष्टी विचारता येतात. आधी गोळी कधी घ्यायची? तोंडाभोवती इंजेक्शन देणार का? सोबत आत कोण येऊ शकेल? हे टेबलावर चढण्यापूर्वी, घरचे माणूस शेजारी असताना आणि केसपेपर अजून काउंटरवर असताना विचारावे. ज्या दवाखान्यात या प्रश्नांवर हसू येईल, तिथून निदान त्या दिवसापुरते तरी उठून जाता येते.